पर्ल नाही म्हणून टेस्ट नाही, आणि तरी सगळं हिरवं

बिल्ड, म्हणजे सोर्सपासून प्रोग्राम बांधून तपासायचं काम, हिरवा आला म्हणजे टेस्ट झाल्या असं ज्याला वाटतं त्याने एकदा पूर्ण लॉग उघडून त्यात "स्किप", म्हणजे न चालवता सोडलेल्या टेस्ट, शोधून बघावं. टेस्ट चालवणाऱ्या सीटेस्ट ह्या प्रोग्रामाची तर गंमतच आहे, निम्म्याच्या वर टेस्ट स्किप झाल्या तरी खाली ऐटीत लिहून येतं की १०० टक्के टेस्ट पास, शून्य फेल. खोटं काही नाही त्यात, फेल खरंच कुणी झालेलं नाही. स्किप झालेल्यांची यादी त्याच्याखाली येते, पण १०० टक्के वाचल्यावर खाली कोण बघतंय भो.

आमचं काम तसं छोटं. जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगवर आणि सावद्याकडे केळीच्या गाड्या भरतात तिथे भुईकाटे असतात, त्या काट्याचं इंडिकेटर सीरियल पोर्टवरून सतत वजनाचे आकडे फेकत असतं, ते वाचायचे, गाडी हलायची थांबली आणि वजन स्थिर झालं का ते ठरवायचं, आणि काटा पावती छापायची, बस. गाभा सगळा सी मध्ये. पण पावतीचा नमुना प्रत्येक मालकाला वेगळा हवा असतो, कुणाला वर गणपती पाहिजे, कुणाला कपाशीची कटती, म्हणजे वजनातली कपात, वेगळ्या ओळीत पाहिजे, त्यामुळे नमुन्यासाठी लुआ घातलंय. काहींना वजन थेट त्यांच्या हिशोबाच्या प्रोग्रामात हवं असतं म्हणून पायथनचं बाइंडिंग आहे, म्हणजे पायथनमधून आमचा सी कोड बोलवायचा दुवा. आणि टेस्ट ज्याने लिहायला सुरुवात केली त्याचा पर्लवर भारी जीव होता त्यामुळे टेस्टमध्ये पर्ल. म्हणजे एका सी च्या प्रोग्रामाला तीन स्क्रिप्टिंग भाषा चिकटलेल्या आणि रीडमीमध्ये तिन्हींच्या पुढे लिहिलेलं, ऑप्शनल.

आता ह्या तिन्हींची गरज एकाच वेळी पडत नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. काही भाषा बिल्ड करतानाच लागतात, म्हणजे कुठली तरी फाईल जनरेट करायला. काही प्रोग्राम चालताना लागतात, कारण इंटरप्रिटर आत बसवलेला असतो नाहीतर बाहेरून बाइंडिंग असतं. आणि काही फक्त टेस्टला. लोक तिन्ही एकाच स्विचखाली कोंबतात, "विदाउट-पायथन" दिलं की बाइंडिंग पण गेलं आणि पायथनने जनरेट होणारी हेडर फाईल (सी कम्पायलरला आधी वाचायला लागते ती) पण गेली आणि मग बिल्डच होत नाही, मग कोणीतरी वैतागून तो स्विचच काढून टाकतं.

पहिल्या प्रकाराचं माझं आवडतं उदाहरण लिनक्स कर्नलचं. २००८ मध्ये २.६.२५ आलं त्यात वेळेचे आकडे एका एककातून दुसऱ्यात बदलायला लागणारे स्थिरांक काढायला एक पर्ल स्क्रिप्ट आली. कर्नल बांधायला कम्पायलर, मेक आणि शेल एवढ्यावर ज्यांचं भागत होतं, विशेषतः एम्बेडेडवाले, म्हणजे छोट्या उपकरणांत कर्नल बसवणारे, त्यांना अचानक फक्त काही आकडे काढायला अख्खं पर्ल लागायला लागलं. त्यावर बरीच वर्षं कुरकूर चालली, लोक स्वतःचे पॅच घेऊन फिरत होते, आणि शेवटी २०१३ मध्ये तेच गणित बीसी मध्ये लिहिलं गेलं, म्हणजे ते कमांडलाइनचं जुनं कॅल्क्युलेटर. काम तेच, पण ओझं कितीतरी हलकं. मला वाटतं बिल्डमध्ये नवीन भाषा आणणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा, एका फाईलसाठी आणलेली भाषा नंतर किती जणांच्या गळ्यात पडते ते कळतं.

उलट बाजूने एसक्यूलाइट हा डेटाबेस बघा. ते जन्मालाच टीसीएल ह्या स्क्रिप्टिंग भाषेचं एक्स्टेन्शन म्हणून आलं, त्यांच्या टेस्ट आजही टीसीएलमध्ये आहेत, सोर्सच्या शंभरावर फायली जोडून एकच मोठी सी फाईल करायचं काम पण टीसीएल करतं. पण वापरणाऱ्याला ती एकच तयार फाईल मिळते, तिला फक्त सी कम्पायलर पुरतो. म्हणजे स्क्रिप्टिंग भाषेचा सगळा भार लिहिणाऱ्यांनी आपल्या अंगावर ठेवलाय, घेणाऱ्याच्या दारात नेऊन टाकला नाही. ऑटोटूल्स ह्या बिल्डच्या जुन्या साधनांच्या टारबॉलचं, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्याचं, पण मूळ डोकं हेच, त्यातलं ऑटोमेक आणि ऑटोकॉन्फ चालवायला पर्ल लागतं पण त्यांतून निघणारी कन्फिगर फाईल, जी मशीनवर काय काय आहे ते बिल्डआधी शोधते, साधी शेल स्क्रिप्ट, टारबॉल घेणाऱ्याला पर्ल नसलं तरी चालतं. आता सगळे थेट गिटमधून क्लोन करतात त्यामुळे तो फायदा बराचसा पाण्यात गेला ते वेगळं. पोस्टग्रेस डेटाबेसने तर आवृत्ती १७ पासून टारबॉलमध्ये तयार फायली द्यायचंच बंद केलं, आता तिथे पर्ल लागतंच, आणि त्यांनी ते सरळ लिहून टाकलं. हे मला पटतं. लागतं तर लागतं म्हणा. "ऑप्शनल" म्हणायचं आणि मग नसल्यावर कुठल्या तरी सतराव्या ओळीत मेकफाईलने "कमांड नॉट फाउंड" म्हणून मरायचं, ह्यापेक्षा हजारपट बरं.

खरा डोक्याला ताप म्हणजे आपोआप शोधणं. कन्फिगर चालवलं, मशीनवर लुआ दिसलं तर घातलं, नाही दिसलं तर नाही घातलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. जेंटू लिनक्सवाले ह्याला ऑटोमॅजिक डिपेन्डन्सी म्हणतात आणि त्यांचा ह्यावर जुना राग आहे, कारण त्यांच्याकडे बहुतेक जण आपल्या मशीनवर बिल्ड करतात, युज फ्लॅगमध्ये, म्हणजे काय हवं-नको त्या यादीत, नको म्हटलं तरी मशीनवर आहे म्हणून घुसलेली लायब्ररी उद्या काढली की प्रोग्राम मोडतो. हे म्हणजे भरीत पार्टीला बोलवायचं, घरात वांगी निघाली तर भरीत, नाही निघाली तर गुपचूप नुसती कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं बेत हाच होता.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. एका जिनिंगवर दुसऱ्याच कुणीतरी आमचा सोर्स घेऊन त्यांच्या मशीनवर बिल्ड केला. त्या मशीनवर लुआ होतं, पण लुआची हेडर नव्हती. कन्फिगरने हेडर शोधली, नाही मिळाली, एक ओळ छापली "चेकिंग फॉर लुआ... नो" आणि पुढच्या दोनशे ओळींत ती ओळ वाहून गेली. बिल्ड झाला, टेस्टमध्ये लुआच्या सगळ्या स्किप, पॅकेज तयार. मग ऐन कपाशीच्या हंगामात, गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली, आणि पावतीवर मालकाचं नाव नाही, कटती नाही, फक्त वजन आणि तारीख. फोन आला तो आमच्याच नावाने. आमचा धुळ्याचा पोरगा तिकडे गेला, लॉग बघून मला म्हणतो, "दादा, आठे तं सगळं पास शे, मंग पावती का बरं अशी निघी राह्यनी?" मी म्हटलं पास किती आणि स्किप किती ते मोज आधी.

त्यानंतर आम्ही एक गोष्ट ठरवली आणि ती मला अजून बरोबर वाटते. प्रत्येक ऑप्शनल गोष्टीला तीन स्थिती पाहिजेत. हवंच, नकोच, आणि बघ मिळतंय का. मेसन ह्या बिल्डच्या साधनात हे आधीपासून आहे, फीचर म्हणून ऑप्शन असतो त्याला एनेबल्ड, डिसेबल्ड आणि ऑटो अशा तीन किमती, आणि सगळ्या ऑटोंना एका फटक्यात चालू किंवा बंद करायला वेगळा स्विच पण आहे, डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्सची तयार पॅकेजं बांधणारे, तोच वापरतात. ऑटोटूल्समध्ये विद-लुआ, विदाउट-लुआ आणि काहीच न देणं ह्या तिघांचा अर्थ तुम्हाला हाताने वेगळा ठेवावा लागतो, आणि कितीतरी कन्फिगर फायलींमध्ये विद-लुआ देऊनसुद्धा लुआ नसलं तर स्क्रिप्ट खुशाल पुढे जाते, हे म्हणजे हद्द आहे. माणसाने स्पष्ट मागितलंय तर नसल्यावर थांब ना बाबा. सीमेक ह्या दुसऱ्या साधनात पण तेच, शोधताना रिक्वायर्ड (नसेल तर थांब) द्यायचं की क्वाएट (नसेल तर गप्प) द्यायचं हे त्या ऑप्शनच्या किमतीवरून ठरलं पाहिजे, फाईंड पॅकेजच्या ओळीत कायमचं कोरून ठेवायचं नाही.

आणि कन्फिगरच्या शेवटी सारांश. लुआ हो, पायथन नाही, पर्लच्या टेस्ट नाहीत, कारणासकट. तेच प्रोग्रामला पण विचारता आलं पाहिजे. विम ह्या एडिटरमध्ये व्हर्जन कमांड दिली की अधिक-उणे चिन्हांसकट यादी येते, पायथन३ आहे का, लुआ आहे का, आणि पुढे स्लॅश डीवायएन दिसलं तर ती लायब्ररी चालताना लोड होते. डेबियन लिनक्सवर विम-टायनी घेतलं तर ह्या भाषांपुढे उणे, विम-नॉक्स घेतलं तर अधिक. आम्ही आमच्या व्हर्जनच्या आउटपुटमध्ये तशीच ओळ टाकली, आता काट्याच्या केबिनमधला माणूस फोनवर ती ओळ वाचून दाखवतो आणि अर्धं काम तिथेच होतं.

आता पायथन. पायथनबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल. इंटरप्रिटर असणं आणि हेडर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी, डेबियन-उबंटूवर पायथन३-डेव्ह, फेडोरावर पायथन३-डेव्हेल, नवीन पोरं इथे हमखास अडकतात. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही असतात पण वेगवेगळ्या व्हर्जनचे. पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे जिथे कमांड शोधतो त्या यादीत, कुणीतरी होम डिरेक्टरीत टाकलेलं ३.११ पहिलं सापडतं, लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं पॅकेज-कॉन्फिग मात्र सिस्टीमचं ३.९ दाखवतं, बाइंडिंग एकासाठी बांधलं जातं आणि टेस्ट दुसरं चालवतं, आणि मग "मॉड्यूल सापडलं नाही" एवढंच. ह्यावर जर टेस्टमध्ये "इम्पोर्ट झालं नाही तर स्किप" असं लिहिलेलं असेल, आणि पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टमध्ये इम्पॉर्ट-ऑर-स्किप ते एका ओळीत करून देतं, तर तुम्हाला कधीच कळणार नाही की बाइंडिंग तुटलेलं आहे. बाहेरच्या मॉड्यूलसाठी ती ओळ झकास आहे, पण जे मॉड्यूल आपणच आत्ता बांधलं तेच इम्पोर्ट झालं नाही म्हणून स्किप? ते तर सरळ फेल आहे. सीमेकच्या नवीन फाईंड-पायथन३ मध्ये इंटरप्रिटर आणि डेव्हलपमेंट हे दोन्ही एकाच हाकेत मागितले तर व्हर्जन जुळवून देतं, वेगवेगळ्या ओळीत मागितले की पुन्हा नशीब.

त्यात नावाचा घोळ. पायथन २ चं आयुष्य १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपलं, उबंटू २०.०४ मध्ये नुसत्या पायथन नावाची कमांडच नाही, पाहिजे असेल तर वेगळं पॅकेज टाका. मॅकओएसने १२.३ मध्ये २.७ काढून टाकलं. म्हणजे ज्यांच्या टेस्टच्या पहिल्या ओळीत नुसतं पायथन लिहिलेलं होतं त्यांच्या टेस्ट एका अपडेटमध्ये फेल तरी झाल्या नाहीतर, शोधून स्किप करणारा कोड असेल तर, गायब झाल्या. मग २०२३ मध्ये ३.१२ आलं आणि पायथनसोबतच येणारं डिस्टयूटिल्स हे मॉड्यूल गेलं. बाइंडिंग कुठे ठेवायचं आणि हेडर कुठे आहेत हे विचारायला ऑटोटूल्सचे जुने एमफोर मॅक्रो, म्हणजे कन्फिगरमध्ये घालायचे तयार तुकडे, डिस्टयूटिल्सच इम्पोर्ट करायचे, ते इम्पोर्ट फसलं की मॅक्रो म्हणतो पायथन नाही. अरे आहे, समोर आहे, उलट जास्तच नवीन आहे. शोधणारा कोड मोडला की "मिळालं नाही" आणि "खरंच नाही" ह्यात फरकच राहत नाही, आणि ऑटोवर सोडलेलं असेल तर तो फरक कुणी विचारत पण नाही.

पर्लची तऱ्हा निराळी. डेबियनवर पर्ल-बेस हे अत्यावश्यक पॅकेजात येतं, त्यामुळे अगदी छोट्यातल्या छोट्या कंटेनरमध्ये पण पर्ल कमांड असतेच. पण त्यात मॉड्यूल मोजकीच. तुम्ही "पर्ल आहे का" विचारलं तर उत्तर हो, आणि टेस्ट चालवली की पहिल्याच ओळीला अमुक मॉड्यूल सापडत नाही म्हणून आपटते. फेडोराकडे नेहमीची मॉड्यूलसुद्धा वेगवेगळ्या पॅकेजांत वाटलेली. म्हणून कमांड पाथमध्ये आहे का एवढं बघणं म्हणजे काहीच बघणं नाही. जे लागतं ते खरंच लोड करून बघायचं, पर्लला ते मॉड्यूल लोड करायला लावायचं आणि आकडा एक एवढाच प्रोग्राम द्यायचा, एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य आला तर आहे. पोस्टग्रेसचं कन्फिगर पर्लमधल्या टॅप ह्या पद्धतीच्या टेस्ट मागितल्या तर आयपीसी-रन आणि बाकी मॉड्यूल आहेत का ते तिथेच तपासतं आणि नसलं तर तिथेच थांबतं, टेस्टच्या वेळेपर्यंत ढकलत नाही.

टेस्टच्या बाबतीत स्किपसाठी ७७ हा एक्झिट कोड ऑटोमेकने रूढ केला, ९९ म्हणजे टेस्टची मांडणीच फसली. मेसन पण हेच दोन पाळतं, सीटेस्टमध्ये स्किपचा कोड कुठला ते टेस्टला प्रॉपर्टी देऊन सांगावं लागतं आणि तिथे लोक ७७ च लिहितात. पर्लच्या जगातून आलेल्या टॅपमध्ये अख्खी टेस्ट स्किप केली हे सांगायला एक ठिपका ठिपका शून्य आणि पुढे हॅशनंतर स्किप आणि कारण. कारण लिहायचा आळस करू नका हे माझं कळकळीचं सांगणं आहे, "स्किप्ड" एवढंच वाचून माणसाने करायचं काय.

आमच्या टेस्टच्या वर एक छोटं शेल फंक्शन आहे, त्याचं नाव ठेवलंय "लागतं". टेस्टच्या पहिल्या ओळीत लिहायचं लागतं पर्ल, किंवा लागतं लुआ. ते ती गोष्ट चालवून बघतं, चालली तर गप्प बसतं. नाही चालली तर एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल बघतं ज्यात "ह्या मशीनवर हे हे असायलाच पाहिजे" अशी यादी असते, यादीत नाव असेल तर ९९, नसेल तर कारण छापून ७७. एवढंच, पंधरा-वीस ओळी. पण ह्याच्यामुळे आमच्या सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर, लुआ नाही असं कधी झालं तर बिल्ड लाल होतो, आणि काट्याच्या केबिनमधल्या जुन्या पीसीवर तीच टेस्ट सभ्यपणे स्किप होते. फक्त एक जपायचं, हे फंक्शन पाइपच्या आत किंवा सबशेलमध्ये (शेलने वेगळ्या काढलेल्या पोटशेलमध्ये) बोलावलं तर एक्झिट त्या सबशेलपुरतंच होतं आणि टेस्ट पुढे खुशाल चालत राहते, म्हणून ते फाईलच्या वरच, मोकळ्या ओळीवर.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. गिटच्या टेस्टमध्ये नीट बघितलं तर सापडते. वेब सर्व्हर लागणाऱ्या टेस्टसाठी त्यांच्याकडे तीन स्थितींचं व्हेरिएबल आहे, काहीच दिलेलं नसेल तर नसल्यावर स्किप, ट्रू दिलं असेल तर नसल्यावर मरायचं, फॉल्स दिलं तर सोडूनच द्यायचं. प्रत्येक टेस्टला पर्ल वगैरे नावाची पूर्वअट लावता येते, म्हणजे अख्खी फाईल न सोडता त्यातल्या पर्लवाल्या दोनच टेस्ट सुटतात. आणि त्यांची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे एक व्हेरिएबल असं आहे की ते लावलं की सगळ्या पूर्वअटी मुद्दाम नापास होतात. कशाला? तर चौथी टेस्ट पर्लवाली, तिने एक फाईल तयार केली, आणि सातवी टेस्ट जिला पर्लशी काही देणंघेणं नाही ती तीच फाईल वापरतेय. पर्ल असलेल्या मशीनवर हे कधी दिसणार नाही. पर्ल नसलेल्यावर चौथी स्किप आणि सातवी फेल, आणि बघणारा सातवीच्या कोडमध्ये डोकं आपटत बसणार. मी हे आमच्याकडे लावून बघितलं तर असल्या लपलेल्या जोड्या निघाल्या, एक तर काट्याच्या शून्य सेटिंगच्या टेस्टमध्ये, म्हणजे जिथे चूक झाली तर शेतकऱ्याच्या वजनात फरक पडतो तिथेच.

ह्याच्यावरून पुढचा मुद्दा. गाभ्याची टेस्ट ऑप्शनल भाषेत लिहिलेली असेल तर गाभ्याची टेस्टच ऑप्शनल झाली. लुआच्या टेस्टला लुआ लागलं तर समजू शकतो, बाइंडिंगच्या टेस्टला पायथन लागणारच. पण वजन स्थिर झालं का हे तपासणाऱ्या टेस्टमध्ये पर्ल फक्त आउटपुटमधली तारीख पुसायला वापरलंय, आणि पर्ल नाही म्हणून वजनाची टेस्टच स्किप, हे मला पचत नाही. तसल्या ठिकाणी सेड पुरतं, ऑक पुरतं, ही मजकूर बदलायची छोटी साधनं बहुतेक सगळीकडे असतात. ते नाही पुरलं तर सी मध्येच एक छोटा मदतनीस प्रोग्राम लिहायचा जो टेस्टसोबत कम्पाईल होतो, कम्पायलर तर आहेच ना. गिटकडे असा टेस्ट-टूल नावाचा सी प्रोग्राम कधीपासून आहे, आणि अलीकडे तर त्यांनी टेस्टमधलं बरंचसं पर्ल ठरवून काढून टाकलं, जेणेकरून पर्लशिवाय पण बहुतेक टेस्ट चालाव्यात. आता ह्याचं पण टोक गाठू नये. माझ्या ओळखीत एकाने पर्ल टाळायचं म्हणून तीनशे ओळींचं ऑक लिहिलंय, ते आता त्याला स्वतःला वाचता येत नाही. आणि सेडमध्ये पण जीएनयूचं वेगळं आणि मॅकचं वेगळं, जागेवर फाईल बदलायचा मायनस आय एकाकडे एक मागतो दुसऱ्याकडे दुसरं, तेव्हा पर्ल काढून बिनपर्लचे वेगळेच भोग नकोत.

कोअरयूटिल्स, म्हणजे एलएस, सीपी असल्या मूळ कमांडी, लिहिणाऱ्यांनी एक मजेशीर मधला मार्ग काढलाय. त्यांची मॅन पेजेस, म्हणजे कमांडच्या माहितीची पानं, हेल्प-टू-मॅन नावाच्या पर्ल स्क्रिप्टने बनतात. पर्ल नसेल तर त्यांच्याकडे "डमी-मॅन" नावाची एक शेल स्क्रिप्ट आहे, ती कामचलाऊ मॅन पेज बनवून देते ज्यात सांगितलेलं असतं की खरं पान बनवता आलं नाही. बिल्ड अडत नाही आणि फसवणूक पण नाही. आमच्या पावतीत आता तेच केलंय, लुआशिवाय बांधलेला प्रोग्राम असेल तर पावतीच्या खाली बारीक अक्षरात "साधा नमुना" छापून येतं. मालकाला ते आवडत नाही, तो लगेच फोन करतो, आणि मला तेच पाहिजे.

सीआयबद्दल एवढंच की दोन टोकं रोज चालवा. एक मशीन ज्यावर सगळं आहे आणि एकही स्किप चालत नाही. आणि एक कंटेनर ज्यात कम्पायलर, मेक आणि शेल सोडून काही नाही, आम्ही अल्पाइन लिनक्स वापरतो कारण त्यात पर्ल नाही, पायथन नाही, बॅश पण नाही, त्यामुळे शेलमध्ये कुणी बॅशची लाडकी सोय वापरली असेल तर ती पण बऱ्याचदा तिथेच पकडली जाते. मधली पण धरून सगळी कॉम्बिनेशन करत बसलो तर तीन भाषांच्या आठ होतात आणि आमच्या सीआयच्या फुकटच्या मिनिटांत ते बसत नाही, ती रिलीजच्या आधी एकदा. डेबियनमध्ये पॅकेज देणार असाल तर टेस्टपुरत्या लागणाऱ्या गोष्टींना बिल्ड-डिपेन्ड्समध्ये, म्हणजे बिल्डला काय काय लागतं त्या यादीत, नोचेकची खूण करा, म्हणजे टेस्ट न चालवता बांधणाऱ्याला पर्लचा अर्धा डोंगर उतरवावा लागत नाही. आमच्याकडे ज्या मशीनवर बिल्ड होतो तिथे कधी नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाईलचा हॉटस्पॉट असतो, मे महिन्यात ४५ डिग्रीला तो फोन पण गरम होऊन बंद पडतो, तिथे "हे पॅकेज टाक मग ते टाक" म्हणणं सोपं नाही.

ह्या सगळ्यात लुआ अजून पूर्ण सुटलेलं नाही. एक तर ५.१, ५.३, ५.४ ह्यांचं एकमेकांशी पूर्ण जमत नाही, आणि वर पॅकेज-कॉन्फिगमध्ये त्याचं नाव प्रत्येकाकडे वेगळं, कुठे नुसतं लुआ, कुठे लुआ५.४, कुठे मध्ये डॅश, कुठे टिंब गाळून ५४. धुळ्याच्या पोराने कन्फिगरमध्ये ही सगळी नावं एकापाठोपाठ विचारणारा लूप टाकलाय. मी त्यात एवढीच भर घातली की लुआ मागितलेलं असताना एकही सापडलं नाही तर थांबायचं आणि कुठली कुठली नावं शोधली ती सगळी एररमध्ये छापायची. फ्रीबीएसडीवर कुणी बांधून बघितलं तर त्या ओळीत काय आलं ते मला पाठवा.